धरणावरची पावलं

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेले एक गृहस्थ आणि त्यांची लेक.

“बाबा, डॉक्टरांना खरं सांगा. फिरायला जाता ना?”

“छे गं! घरातल्या घरात, बाथरूमपर्यंत.”

“मग धरणाच्या भिंतीवर रोज सकाळी कोण चालतं?”

“मला काय माहीत? तिथली शास्त्रज्ञ तू.”

“तिथे आम्ही काचेची तार पुरलीय, केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड सोडतो. कुठे जरा हादरलं, की परत येणारा उजेड बदलतो.”

“बदलू दे की!”

“रोज सकाळी तिच्यात ठोके दिसायचे, एक जड, एक हलका. आम्हाला वाटलं, भिंतीतला दगड सरकतोय. इंजिनियर धावत आले, साहेबांची झोप उडाली.”

“आणि निघालं काय?”

“तुमचा डावा पाय.”

“तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं गं. म्हणून जातो, एकटाच.”

“एकटे कुठे? सोमवारपासून शेजारी आणखी कुणाची तरी पावलं आहेत. हलकी. ती थांबली, की जड पायही थांबतो.”

गृहस्थांनी पट्टा उगाचच घट्ट केला.

“तुमच्या तारेला बोलणं ऐकू येतं का गं?”

“नाही हो. आम्ही फक्त हादरे बघतो.”

“मग ठीक.”

“ठीक काय! आमची सगळी मोजमापं बिघडतात.”

“बरं बाई, उद्यापासून बंद.”

“बंद कशाला? धरणाखालच्या बागेत जा दोघं. तिथे बसायला बाक आहेत, आणि तार नाही.”