शेऱ्याचा रकाना

लेक : पुन्हा बघितलं, बाबा. नाव आहे, फोन आहे, छाती, कंबर, बाही सगळं आहे. शेरा नाही.

मास्तर : खाली असेल. तुझी आई खालीच लिहायची.

लेक : खाली काही नाही. या नव्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्याचा रकानाच नाही. तयार कपडे विकणाऱ्यांसाठी बनवलाय तो. शिंप्यासाठी नाही.

मास्तर : मग जुन्या कॉम्प्युटरवरून काढ.

लेक : तो त्या सॉफ्टवेअरवाल्यानंच नेला ना, नव्याच्या बदल्यात. आत्ता फोन केला होता. म्हणाला, पुसून विकला. म्हणाला, कामाची माहिती सगळी आणलीय, बाकी नुसत्या गप्पा होत्या.

मास्तर : गप्पा म्हणाला?

लेक : हो.

मास्तर : बँकेतल्या साहेबांचं काय लिहिलं होतं तिनं?

लेक : ‘पोट आत ओढून माप देतात. दोन बोटं सैल ठेवा. बोलू नका.’

मास्तर : आणि शाळेतल्या बाईंचं?

लेक : ते नाही आठवत.

मास्तर : मलाही नाही. मी कापड बघायचो, माणसं ती बघायची. ती गेल्यापासून दुकान उघडलं की आधी तिचे चार शेरे वाचायचो, मग कात्री धरायचो.

लेक : बोलला नाहीत कधी.

मास्तर : बोलण्यासारखं काय होतं त्यात. तो दुसरा साधा प्रोग्रॅम होता, तोच घ्यायचा होता मला. तर म्हणाला, मास्तर, तो जुनाट आहे. विचारलं मी, हिचं लिहिलेलं सगळं येईल ना? मान डोलावली त्यानं.

लेक : तक्रार करू या.

मास्तर : नको. त्याचा कोट आलाय ना शिवायला?

लेक : कापड परत पाठवू?

मास्तर : छे. शिवायचा. त्याचं माप काढ. त्याच्याच प्रोग्रॅममधून.

(काही दिवसांनी, दुपारी. सॉफ्टवेअरवाला नवा कोट घालून दुकानातल्या आरशासमोर उभा आहे.)

सॉफ्टवेअरवाला : मास्तर, काहीतरी गडबड आहे. डाव्या काखेखाली घडी पडतेय.

मास्तर : सरळ उभे राहा.

सॉफ्टवेअरवाला : सरळच आहे. आणि आज एकदम अहो-जाहो?

मास्तर : गिऱ्हाईक आहात.

सॉफ्टवेअरवाला : ही बाही बघा, अंगठ्यावर आली. आधीचे कोट तुम्हीच शिवलेत, असं कधी झालं नव्हतं.

लेक : माप दाखवू, दादा? तुमच्याच स्क्रीनवर आहे. सुताचाही फरक नाही.

सॉफ्टवेअरवाला : मग बसत का नाही?

मास्तर : तुमचा डावा खांदा उतरता आहे.

सॉफ्टवेअरवाला : माझा? मला तर कुणी कधी बोललं नाही.

मास्तर : बोलायचंच नव्हतं. ती मला आतून पॅड घालायला लावायची, बाही वर घ्यायला लावायची. तुमचा शेरा तेवढा पाठ आहे मला. ‘कळू देऊ नका, पोरगा लाजतो.’ त्याच त्या गप्पा.

सॉफ्टवेअरवाला : मास्तर, संध्याकाळी दुकानदारांची सभा आहे. सगळी गल्ली कुठला प्रोग्रॅम घेणार, ते आज ठरतंय. मला सगळ्यांपुढे उभं राहायचंय.

मास्तर : राहा की. मीही येतोय. समाधानी गिऱ्हाईक म्हणून तुम्हीच बोलावलंय.

सॉफ्टवेअरवाला : काय बोलणार तुम्ही?

मास्तर : भाषण कुठलं येतंय मला. तुमच्याकडे बोट दाखवीन. म्हणेन, हा यांच्या प्रोग्रॅमवर शिवलाय.

सॉफ्टवेअरवाला : ही गल्ली गेली तर धंदा बंद करावा लागेल मला.

मास्तर : ठाऊक आहे. म्हणून तर कोट आजच दिला.

सॉफ्टवेअरवाला : चुकलं माझं. मी वाचलंच नाही त्यात काय होतं. उद्याच्या उद्या रकाना बनवून देतो.

मास्तर : रकाना द्याल हो. त्यात भरू काय?

सॉफ्टवेअरवाला : निदान खांदा तरी नीट करा. अर्ध्या तासाचं काम आहे, येतं तुम्हाला.

मास्तर : येतं.

लेक : बाबा, आईनं करून दिला असता.

मास्तर : दिला असता. जा आता, सभेला उशीर होईल. आणि कोट काढू नका, हातात धरून चुरगळेल.

लेक : ...गेला. मान खाली घालून गेला, बाबा. बरं वाटलं?

मास्तर : सभेपर्यंत वाटेल.

लेक : आणि मग?

मास्तर : मग काय. एवढ्या माणसांची मापं आहेत दुकानात. त्यातलं एकही माणूस मी अजून नीट बघितलेलं नाही.