जाळीतली चादर

मी इथलीच हो, उज्जैनचीच. वडील रेल्वेत होते, बदली होऊन आले ते इथलेच झाले, आणि मला दिलं ते पण इथल्याच बँकेतल्या मुलाला, त्यामुळे महाराष्ट्र मी लग्नकार्यापुरताच पाहिलाय. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत बापडे. पण बाळंतपण मात्र आमच्याकडे एकदम मराठी पद्धतीचं, त्यात मी कुणाचं ऐकणारी नव्हते. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल, आणि बाळंतिणीला वारा लागायला नको म्हणजे नको. तुम्ही लिहून घेताय, म्हणून हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या वाऱ्यापायी झालं.

तर सुषमा, माझी मोठी, पहिल्या बाळंतपणाला आली होती. नव्वद सालानंतरची गोष्ट, बाजारात रोज काही ना काही नवीन येत होतं, गॅसचा नंबर पण लवकर लागायला लागला होता, आणि मी ह्यांच्या मागे लागले की आता तो बंब पुरे, धुरानं माझे डोळे गेले, गॅसचा गीझर घ्या. घेतला. लावायला देवास गेटचा बाबूलाल आला. आमच्या मोहल्ल्यात नळ म्हणा, शेगडी म्हणा, सगळं तोच बघायचा, मला काकीजी म्हणायचा. तो म्हणाला, काकीजी, इसे बाहर आँगन में लगवा लो, पाइप अंदर ले लेंगे. मी म्हटलं, छे, जानेवारीची ठंड, पाणी येता येता गार होईल, आत बाथरूममध्येच लाव. मग म्हणाला ठीक है, पर ऊपर की जाली और दरवाजे के नीचे की जगह कभी बंद मत करना, ये आग भी हवा खाती है. दोनदा सांगितलं. जाताना चप्पल घालता घालता परत तिसऱ्यांदा. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, ह्याला काय कळतं बाळंतिणीतलं.

काय सांगू तुम्हाला, इथल्याच भैरवगढच्या छपाईवाल्यांकडची नवीन चादर आणली होती बारशासाठी, लाल छापाची, तिचा फाडून उरलेला तुकडा होता, एकदाही न धुतलेला. तो मी स्टुलावर चढून जाळीत कोंबला, चांगला गच्च. दाराखाली पायपुसणं सारलं. आणि खूश झाले, की चला, आता वाऱ्याची एक झुळूक नाही.

पहिले काही दिवस मालीशवाली बरोबर असायची, दार अर्धं उघडंच राहायचं. त्या दिवशी ती आली नाही. सुषमा म्हणाली, आई, मी घेते माझी अंघोळ, तू बाळाकडे बघ. कडी लावली. मी बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिले. पाण्याचा आवाज येतोय, येतोय, थांबतच नाही. म्हटलं, सुषमे, पुरे आता. उत्तर नाही. परत हाक मारली, उत्तर नाही. मग मी किंचाळले, हे धावत आले, शेजारचे आले, खांद्यानं दार तोडलं. ती भिंतीला टेकून पडलेली, पाणी अंगावरून वाहतंय. ना धूर, ना वास, काही म्हणजे काही नाही. ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं.

मी बाळापाशी मागे राहिले. आणि मी काय केलं माहितेय? स्टुलावर चढले, तो तुकडा उपसून काढला आणि शेगडीत घातला. पोर तिकडे मरतेय की जगतेय ठाऊक नाही आणि आई पुरावा जाळतेय. देवा रे! काम मात्र चोख केलं मेलीनं.

वाचली. ऑक्सिजन लावला, दोन दिवसांनी ओळखायला लागली. डॉक्टर म्हणाले, गीझरच्या गॅसनं गुदमरली, बाथरूममध्ये हवा यायला जागा होती ना? हे म्हणाले, जाळी आहे की चांगली मोठी. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवली. झालं, मग दोष कुणाचा, तर लावणाऱ्याचा. हे तसेच देवास गेटला गेले आणि भर बाजारात बाबूलालला नाही नाही ते बोलले.

तो संध्याकाळी आला. गीझर उघडून बघितला, पेटवला, ज्योत बघितली, मग वर बघितलं. वाफेनं त्या चादरीचा कच्चा रंग सुटला होता, जाळीखाली चुन्यावर लाल ओघळ. माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्यानं त्याला बोट लावलं, बोट बघितलं, आणि मग माझ्याकडे. आता बोलेल, आता बोलेल. हे दारात उभे, सुषमाचा नवरा उभा. बाबूलाल म्हणाला, गलती मेरी ही होगी, बाबूजी. बिटिया बच गई, बस. आणि गीझर काढून बाहेर अंगणात लावून दिला.

त्यानंतर मोहल्ल्यात त्याला कुणी बोलावलं नाही. रस्त्यात दिसला की मीच गल्ली बदलायची. तो मात्र हात जोडायचा, नमस्ते काकीजी. तो गेला, मग हे पण गेले, ह्यांना शेवटपर्यंत ठाऊक नाही. भिंतीला मी दुसऱ्याच दिवशी चुना दिला होता.

सुषमाला पण ठाऊक नाही. अजून कुणी मिस्त्री घरात आला की ती म्हणते, नीट लाव रे बाबा, एका बाबूलालनं मला मारलंच होतं. इतकी वर्षं मी ऐकून घेतेय. आता ती आत भांडी घासतेय, तिच्या कानावर जावं म्हणून मी मघापासून मोठ्यानं बोलतेय, तुम्हाला वाटलं असेल म्हातारीला ऐकू येत नाही.

नळ बंद झाला बघा. तुम्ही लिहा, थांबू नका, बाबूलालची चूक नव्हती, असं लिहा. ये सुषमे, बाहेर ये. बस इथे माझ्यापाशी, आणि काय बोलायचं ते बोल.