आहे तशी द्या

(घाटकोपर, भटवाडी. १९८६ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली आहे. सकाळ. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची शेड. आत दोन सीटची जुनी विलायती स्पोर्ट्स कार, ताज्या हिरव्या रंगात. निवृत्त ड्रायव्हर शिवदास, त्याची बायको शेवंती आणि मुलगा जयवंत.)

जयवंत: तो चहा न घेताच गेला, आई.

शेवंती: बघितलं मी. कपावर बशी झाकून ठेवली होती. घाईत असतील. डॉक्टर माणूस, दवाखाना उघडायचा असेल.

जयवंत: घाईत नव्हता. वांद्र्याहून टॅक्सी करून आला होता तो, निवांत. गाडीभोवती एक चक्कर मारली, दरवाज्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि मला म्हणाला, ‘कधी केलं हे?’ आणि वळला टॅक्सीकडे.

शिवदास: वास येतोच. आठवडाभर जात नाही नव्या रंगाचा वास.

जयवंत: बाबा, तुम्ही गप्प बसा जरा. नाही, तुम्हीच बोला. मी गावाला जाताना तुम्हाला काय सांगून गेलो होतो?

शिवदास: सांगून गेला होतास.

जयवंत: काय?

शिवदास: हात लावू नका म्हणून.

जयवंत: धूळसुद्धा पुसू नका म्हटलं होतं. गावच्या काकांचं बारावं-तेरावं उरकून येतो, तोवर शेडचं कुलूप काढू नका म्हटलं होतं. आज एसटीतून उतरलो, स्टेशनपाशी त्याची टॅक्सी गाठली आणि सरळ इथे आणलं. त्याच्यासमोर कुलूप उघडलं मी. मलाच ओळखू येईना कुणाची गाडी आहे ती.

शेवंती: चांगली नाय दिसत?

जयवंत: झकास दिसते. गॅरेजवाल्या दशरथकाकांचा हात आहे तो, वरातीला लावावी अशी दिसते. पण विकता येणार नाही.

शेवंती: असं कसं? शेजारच्या अंबादासने टॅक्सी विकली तेव्हा आधी रंग मारून घेतला. तुझ्या बाबांनी साहेबांची फियाट विकून दिली, तीही रंग देऊनच. दोन गिऱ्हाइकं भांडली तिच्यासाठी.

शिवदास: भांडली. खरं आहे ते.

जयवंत: ती ये-जा करायची गाडी, आई. घेणारा तिच्यात फिरणार, त्याला चकचकीत पाहिजे. ही पस्तीस वर्षांची एमजी. हिला फिरायला कोण घेतो? कारखान्यातून निघाली तशी राहिलीय म्हणून हिला किंमत. डॉक्टर म्हणाला होता ना, इंजिनाचे भाग मिळतात, टायर मिळतात, सीट शिवून मिळते. कंपनीचा रंग एकदाच लागतो. तो एकदा उतरवला की मग कुठलाही पेंटर आणा, काही उपयोग नाही.

शेवंती: पण रंग आम्ही बदलला नाय. हिरवी होती, हिरवीच दिली. दशरथभावजींनी सीटखालचा रंग बघून बघून डबा मिसळला. मजुरी पण घेतली नाय त्यांनी.

जयवंत: हिरव्यात शंभर हिरवे असतात गं. आणि त्याला तो ताजा हिरवा नकोच होता. बॉनेटवरचा उडालेला, मडगार्डवर बारीक बारीक चिरा पडलेला, तो पाहिजे होता. भिंग घेऊन आला होता, आठवतं? तुम्ही दोघं हसला होता त्याला.

शेवंती: चिरा बघून कोण पैसे देतं?

जयवंत: तो देत होता. आता निम्मेसुद्धा देत नाही. म्हणाला, सुटे भाग कामाला येतील माझ्या मित्रांच्या, त्या भावाने घेतो. विचार करून फोन करा.

शेवंती: नारळ तरी नेला? सीटवर ठेवला होता मी, कुंकू लावून.

जयवंत: नाही नेला. सीटवरच आहे.

शिवदास: निम्म्यात मुलुंडची खोली होत नाही.

जयवंत: नाही होत. आणि खोली झाली नाही तर काय, ते वकिलाने सांगितलंय. कोर्ट पहिलं हेच विचारणार, आपल्या मीराच्या पोरीला ठेवणार कुठे? आपली ही एक खोली, डोक्यावर पत्रा, आधीच आपण तिघं. तिकडे चेंबूरला तिच्या बापाचा ब्लॉक. राधाला कुणाकडे देतील?

शेवंती: बापाने दुसरी बायको आणलीय. पोर सहा वर्षांची नाय झाली अजून, स्टुलावर उभी राहून भांडी घासते. मला दारातूनच परत पाठवलं, मग जिन्यातल्या खिडकीतून बघितलं मी. कोपरापर्यंत हात ओले. आजी आली तर वळून बघायची पण चोरी.

जयवंत: मला कशाला सांगतेस, आई? हे कोर्टाला सांगायचं होतं. त्यासाठीच तर गाडी काढत होतो. बाबा, आईला गाडीतलं कळत नाही, मान्य. तुम्हाला तर कळतं. साहेबांनी ही गाडी तुम्हाला कधी घासू दिली नाही, हे तुम्हीच सांगता सगळ्यांना.

शिवदास: पाणी मारायचं आणि मऊ कापडाने टिपायचं. होमीसाहेब म्हणायचे, शिवदास, टिप, घासू नको. बंगला विकून लेकाकडे परदेशी गेले, तेव्हा हिची चावी माझ्या हातात दिली. तेव्हाही तेच म्हणाले.

जयवंत: आणि तुम्ही दशरथकाकांना घासू दिलीत.

शिवदास: दशरथने नाही घासली.

जयवंत: मग?

शिवदास: तो यायचा संध्याकाळी, गॅरेजचं काम उरकून, फवारा मारायला. घासली मी. पाण्याचा पॉलिशपेपर घेऊन. बॉनेट, मडगार्ड, दोन्ही दरवाजे. पत्रा दिसेपर्यंत.

जयवंत: माहीत असून?

शिवदास: माहीत असून.

जयवंत: बाबा, तुम्हाला विकायचीच नव्हती का ही? तसं असेल तर सरळ सांगा. गाडी तुमची आहे, तुमच्या नोकरीची आहे. पण मग राधाचं नाव घेऊन मला वांद्र्याला खेटे कशाला घालायला लावलेत?

शेवंती: त्यांना नको बोलू. मी मागे लागले. ते दोन दिवस नायच म्हणत होते.

जयवंत: मग तिसऱ्या दिवशी काय झालं?

शेवंती: मी म्हटलं, माझ्या दारातून परत कोणी जुन्या अंगाने जायचं नाय. एक गेली, पुरे झालं.

जयवंत: आई, गाडी आहे ती.

शेवंती: गाडीच आहे. माका कळतं, झिला. येडी नाय झालेय मी.

जयवंत: मग मीराला कशाला आणतेस ह्यात?

शेवंती: तू तेव्हा नाशिकला होतास कामाला, बोलणी झाली तेव्हा नव्हतास. साहेब निघून गेले होते, ह्यांना दुसरी नोकरी नव्हती. तिचा सासरा आपल्या खोलीत कॉटवर बसला होता. चहा घेतला त्याने, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. आणि म्हणाला, आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ द्या. आहे तशी द्या. तुझ्या बाबांनी हात जोडले त्याला. डोळ्यांत पाणी आलं ह्यांच्या.

शिवदास: आलं होतं. देवमाणूस भेटला असं वाटलं.

शेवंती: म्हणून मग आहे तशीच दिली. माझंच पातळ, नवीन किनार लावून. बांगड्या तेवढ्या नव्या.

शिवदास: तेव्हा ही गाडी विकून शालू घेतला असता, असं मनात येतं माझ्या. पण तेव्हा हिला भंगारवाला पण विचारत नव्हता. आता कुठे हौशी लोक निघालेत.

शेवंती: सहा महिने बरे गेले. मग सासू चारचौघींत म्हणायला लागली, लंकेची पार्वती आणली आम्ही. सण आला की तेच, पाहुणे आले की तेच. मीरा माहेरी आली की म्हणायची, आई, मला बोलतात त्याचं काही नाही गं, तुमचं नाव निघतं त्याचं वाईट वाटतं. आम्ही म्हणायचो, होईल सगळं ठीक, एक मूल झालं की होईल. राधा झाली. तरी नाय झालं. आणि मग स्टोव्ह. पोलिसांच्या कागदावर स्टोव्हच लिहून आलं.

जयवंत: पुरे, आई.

शेवंती: पुरे काय? तूच विचारलंस ना, मीराचा काय संबंध. तुझा डॉक्टर मागच्या खेपेला आला, गाडीभोवती फिरला आणि बाबांना म्हणाला, काही करू नका, आहे तशी द्या. तेच शब्द, जयवंता. मी म्हटलं, हे असंच म्हणतात. नेईपर्यंत गोड. नेली की म्हणतील, बघा काय खटारा गळ्यात मारला. पैसे अडकवतील, आणि मग आपली राधा अडकेल. म्हणून म्हटलं, ह्या वेळी कुणाला नाव ठेवायला जागाच ठेवायची नाय.

जयवंत: आणि बाबा, तुम्हाला हे पटलं?

शिवदास: पटलं नाही.

जयवंत: मग?

शिवदास: ती म्हणाली, तेव्हाही तुम्ही त्यांचा शब्द धरून बसलात आणि आपली पोर गेली. आता परत शब्दच धरून बसलाय. साहेबांचा रंग जातोय, त्याबरोबर गाडीचा भाव जातोय, हे मला कळत होतं. पण मीराच्या वेळीही मला वाटायचं, मला माणसं कळतात. तीस वर्षं साहेबांच्या गाडीत माणसं बसवली-उतरवली, मला नाही कळणार तर कुणाला? मग गपचूप पेपर घेतला हातात.

जयवंत: एक तार करायची होती मला.

शिवदास: तारेत काय लिहिणार?

जयवंत: घासताना एकदाही वाटलं नाही, थांबावं?

शिवदास: वाटलं ना. उजव्या दरवाज्याशी आलो तेव्हा. साहेब कोपर बाहेर टेकून चालवायचे, मला बाजूला बसवून. तिथला रंग झिजून झिजून पातळ झाला होता, तळव्याएवढा. तेवढा शेवटपर्यंत ठेवला होता मी. मग दशरथ फवारा घेऊन आला, म्हणाला, हे काय राहिलं? तेही घासलं.

शेवंती: जेवले नायत त्या दिवशी.

जयवंत: कशाला सांगतेस मला हे सगळं...

शेवंती: हा रंग परत काढता नाय येणार?

जयवंत: काढला तर खाली पत्रा आहे, आई.

शेवंती: मग मीच जाते त्यांच्याकडे. पाया पडते. म्हणते, चूक माझी, गाडी तीच आहे, आतलं सगळं तेच आहे.

जयवंत: नको जाऊस. तो रागावला नाही गं. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. टॅक्सीत बसताना म्हणाला, सीटवरचा नारळ बघितला मी, तुमच्या आईने मन लावून केलंय, त्यांना काही बोलू नका.

शेवंती: असं म्हणाला?

जयवंत: हो.

शिवदास: त्याला फोन कर. सुटे भाग तर सुटे भाग. येतील ते वकिलाला देऊ.

जयवंत: वकिलाची फी सुटेल. पण खोली नाही, तर तो तरी काय करणार? तारखा घेत राहील. तोवर राधा तिथेच.

शेवंती: तोवर म्हणजे किती?

जयवंत: मला नाही माहीत. ती मोठी होईपर्यंतसुद्धा चालेल, तो म्हणाला होता. चालतात म्हणे अशा केसेस.

शिवदास: सुटी करतील म्हणजे दरवाजे कुणाकडे, इंजिन कुणाकडे. बरं. ने म्हणावं. मला फक्त त्या दिवशी इथे थांबायला सांगू नको.

जयवंत: नाही सांगणार.

शेवंती: जयवंता, एक विचारू?

जयवंत: विचार.

शेवंती: डॉक्टर म्हणाला ना, आहे तशी द्या. ते खरंच तसंच म्हणायचं होतं त्याला? मनात दुसरं काही नव्हतं?

जयवंत: नव्हतं, आई. त्याला खरंच आहे तशी पाहिजे होती.

शेवंती: मग कसं ओळखायचं रे, झिला? मीराचा सासराही अगदी ह्याच आवाजात म्हणाला होता.