समोरचा दात

बायको वारली तेव्हापासून दवाखान्यात मी एकटाच जातो. परवा दातांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी एक म्हातारे क्लॅरिनेटवाले मास्तर आणि त्यांची बायको बसली होती.

"समोरचा दात काढला की फुंकर नीट बसणार नाही."

"महिन्याभरात नवा बसवतील की."

"आणि महिनाभर वस्तीतल्या पोरांना काय शिकवू?"

"चाळीस वर्षं फुकट शिकवताय. महिनाभर सुटी दिलीत तर पोरं दुवा देतील."

"विसरतील गं सगळं."

"मग मी घेते वर्ग."

"तू? तू कधी क्लॅरिनेट तोंडाला तरी लावलीस का?"

"नाही. पण स्वयंपाकघरात कान उघडेच असतात. शिंप्याची मुलगी श्वास अर्ध्यातच सोडते. बेकरीवाल्याची नात तिसऱ्या ओळीला मागे कुत्रं लागल्यासारखी पळत सुटते."

"अगदी बरोबर! कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही चुकता तेव्हा तरी कुठं बोलते?"

"मी चुकतो?"

"एकाच जागी. रोज."

"कुठल्या जागी?"

"नंबर आला तुमचा. उठा."

"आधी जागा सांग."

"आधी दात काढून या. मग सांगते."

"चाळीस वर्षं गप्प बसलीस, बाई! थांब, आलोच."

मास्तर तरातरा आत गेले. दार लागलं तशा बाई माझ्याकडे वळल्या.

"एकदाही चुकले नाहीत हो. पण तीन वेळा याच बाकावरून उठून घरी पळालेत."