पांढऱ्या क्रूसाविना

हॅलो?… हो क्लोदेत, मीच बोलतेय… नाही गं, फोन चालू होता. उचलायचा धीर होत नव्हता… विदलीनला देऊ?… अगं ऐक ना. आधी खाली बस… बसलीस?… तुझ्या लेकीला नेलं गं. सकाळी. बिनकागदाच्या आपल्या लोकांना गोळा करून सरहद्दीपार करणारी ती पोलिसांची जाळीची गाडी शिरली गल्लीत…

हो, हो, सांगितलं ना त्यांना, आठवा महिना चाललाय! तर एकजण म्हणतो, 'मावशी, होऊ दे की बाळंत तुमच्या हैतीत.' मावशी म्हणे! मेल्याला काय ठाऊक, मी तिची खरीच मावशी…

बाहेर? छे! या दिवसांत मी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देते का? अख्खं सान्तो दोमिंगो सजलंय. सज्ज्यासज्ज्याला झेंडे, नाक्यावर राजम्याच्या खिरीची पातेली, सैतानाचे मुखवटे घातलेले टोणगे येणाऱ्याजाणाऱ्याला बडवतायत… उद्या स्वातंत्र्याचा सण ना यांचा! आपल्या हैतीच्या राज्यातून सुटले त्याचा. आणि झेंडे शिवतंय कोण? आपणच…

अगं तेच तर सांगतेय! मीच म्हटलं तिला, दारावर एक झेंडा लाव, घर त्यांच्यातलं वाटेल. आणि गेले दोरा आणायला. हिनं काय करावं? निळं वर, लाल खाली, शिवलं नि दिलं टांगून!… हो गं, आपलाच! हैतीचा! रंग यांचेही तेच, पण मध्ये पांढरा क्रूस असतो, तोच राहिला… मुद्दाम कशाला करेल? शाळेत शिवायची ना, हाताला तेच वळण… मी गल्लीच्या तोंडाशी पोचले, तोवर गाडी दारात. कुणी कळवलं, देव जाणे. समोरची शेजारीण आल्ताग्रासिया खिडकी लावून बसलीय…

मला कशाला नेतील? माझ्याकडे कागद आहेत. चाटू का ते आता?…

रडू नकोस. क्लोदेत… ए, ऐक! दिवेलागणीपर्यंत सरहद्दीवर आणून सोडतील. वानामँतच्या पुलाशी उभी राहा. मिळेल त्या गाडीनं नीघ, आत्ताच… आणि चपला घे… तुला नाही गं, तिला! अनवाणीच चढवली तिला… तिच्या जुन्या नकोत, होणार नाहीत. पाय सुजलेत पोरीचे. भावोजींच्या घे… हॅलो?… क्लोदेत?… मोठ्या घे गं, मोठ्या… हॅलो?