काडेपेटीवरची देवी

नाय, पुढल्या साली नाय, यंदाच पायजे — शके अठराशे साठचा शिमगा सरला, वैशाखात देवीचं सोंग निघायचं, आणि सोंगाला मुखवटा नाय. बस, गोमा. हत्यारं खाली ठेव, देवळाच्या ओट्यावर सुताराला कुणी उठवत नाय. जुना दाखवा म्हणतोस? तुझ्या बापानंही तेच मागितलं असतं. रीतच तशी — जुना समोर ठेवायचा, त्यावरून नवा कोरायचा, मग जुना नदीत सोडायचा. आठवणीनं कोरायची पाळी आजवर कुणावर आली नाय. पण जुन्याला तडा गेला त्या वर्षी मुंबईचा एक साहेब आला, आणि पाटलानं नवा कोरायच्या आधीच जुना उचलून त्याला दिला. म्हणाला, नदीत काय नि साहेबाकडं काय, जायचा तो गेला. गेला कुठं? तिथं संग्रहालयात काचेत बसलाय, येणारा-जाणारा बघतोय.

गेलो होतो ना मी. सून बरोबर होती, बाळी — गावातल्या लग्नघरांच्या भिंतींवर चित्रं तीच लिहिते. तिला म्हटलं, कोळशानं कागदावर उतरव. तर पहारेकरी आडवा. चित्र काढायला परवानगी लागते. कोण देतो? मोठे साहेब. कुठं आहेत? विलायतेला. बाळी म्हणाली, मामंजी, तुमी तरी डोळे भरून बघा. मी काचेकडं पाठ करून उभा राहिलो — का म्हणजे? तीस वर्षं ती माझ्या तोंडावर होती रे. सोंग घेणाऱ्यानं तिचं तोंड बघायचं नाय. डोळे मिटून बांधायचा, डोळे मिटून सोडायचा. एकदाच बघायचं, नदीत सोडताना, कमरेएवढ्या पाण्यात, हातात धरून. अख्ख्या गावानं पायली तिला, मी तेवढा राहिलो. त्या एका वेळेसाठी माणूस — जाऊ दे.

घरी येऊन बाळीनं काढलं, तर सकुबाई म्हणते ओठ मिटलेले होते, धाकलू म्हणतो दात दिसायचे. दोघं अजून बोलत नायत.

आणि मग ही. मुरबाडच्या बाजारात दुकानदार म्हणतो, बाबा, काड्या घ्या, देवी फुकट. तीच, बाळीनं ओळखली, लाल-हिरव्या रंगात, काडेपेटीवर. आमाला कोळशाची रेघ ओढू देत नायत, आणि काडेपेटीवाल्याला अख्खं तोंड दिलं. काड्या संपल्या की लोक फेकतात, बैल तुडवतात. मी वेचून आणतो — मान फिरवून वेचतो, हां. कुणाला बोलणार? दुकानदार म्हणतो छापखान्याला सांगा, छापखाना कुठं ते त्याला ठाऊक नाय.

घे. पालथी धर माझ्याकडं, तिचं तोंड तुझ्याकडं. होईल यावरून? अंगठ्याएवढं तोंड, गाल बाजूनं कसा, हनुवटी केवढी, काय कळायचं त्यातून. आतलं विचार, आतलं मी सांगतो — कपाळ इथं टेकायचं, श्वास इथं कोंडायचा, नाकाला बोटभर जागा होती. छापणाऱ्यानं नाक पार चपटं केलंय, तसलं नको करू. आणि डावी भुवई एवढी वर चढवलीये, आपल्यावरच रागावल्यासारखी, ती जरा —

असा माझ्याकडं काय बघतोस?

पेटी दे इकडं. नाय, असू दे, तुझ्याकडंच असू दे. उजेड हाय तोवर लाकूड धर. मला काय विचारू नको.