धारणीच्या तीन कोंबड्या

तुमी हसान, पण मागच्या महिन्यात मी कोंबड्यांपायी रडली. धारणीच्या बाजारातून तीन गावरान कोंबड्या आणल्या अन् थेट आंगणात सोडल्या. आमच्या जुन्या पाच जणी अशा तुटून पडल्या, की एकीचं डोकं रक्तानं भरलं.

शेजारच्या रशीदाखाला भिंतीवरून ओरडल्या, "अवं बेटी, एकदम काहून सोडल्या? आठ दिवस जाळीआड ठेव. एकमेकीले पाहू दे, मग सोड."

मी जखमेले हळद लावली, जाळी बांधली. नवव्या दिवशी जीव मुठीत धरून उघडली. कोणी कोणाले टोचलं नाही. उलट आठही जणी मिळून भिंतीपलीकडे उडाल्या अन् खालाच्या वाफ्यातला कोवळा सांबार, म्हंजे कोथिंबीर, देठासकट फस्त केला.

खाला हसतच म्हणाल्या, "मी दोस्ती कराले सांगतलं होतं, दरोडा घालाले नाही!"